रजिस्टरात एक रकाना कमी आहे

आदरणीय ताई,

धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात आमची लहानशी संस्था आहे. आम्ही पाच जणी आणि चौदा गावं, नऊ वर्षं झाली. बहुतेक घरं ऊसतोडीची. दिवाळी झाली की गावात म्हातारी माणसं आणि दाराला कुलपं उरतात. बायकांच्या आरोग्यावर आम्ही बैठका घेतो, शिबिरं भरवतो, अडल्या बाईला दवाखान्यात नेतो. सगळ्याची नोंद आहे, आजवर ११ रजिस्टरं भरली. एकट्यानं हे होत नाही, दवाखान्यांशी जोडून घ्यायला हवं, असं उन्हाळ्यात ठरवलं आणि रजिस्टरं घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेलो, मग शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात. दोन्हीकडे चहा मिळाला, 'फार चांगलं काम करता' म्हणाले आणि पुढे काहीच नाही. एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांनी, म्हणजे समाजकामाला निधी देणाऱ्या विभागानं, 'इम्पॅक्टचा डेटा' मागितला. एकजण म्हणतो, सव्वा लाखात ॲप करून देतो, डेटा आपोआप तयार होईल. माझं शिक्षण बारावी. कॉम्प्युटर येतो, पण आकडेमोड म्हटली की धडकी भरते. आमच्याकडे डेटा आहे की नाही, हेच आता कळेनासं झालंय. सोबत रजिस्टरच्या एका पानाचा फोटो पाठवते. नावं झाकली आहेत.

— एक कार्यकर्ती, बीड जिल्हा

प्रिय ताई,

ॲपला पैसे देऊ नका. हे आधी सांगते, कारण तो माणूस कदाचित याच आठवड्यात पुन्हा फोन करील आणि सव्वा लाख ही तुमच्यासारख्या संस्थेला लहान रक्कम नाही. बाकीचं सावकाश बोलू.

पानाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. मी तो बराच वेळ बघत बसले होते. वर तारीख आणि गाव, विषय 'गरोदरपणातला आहार', खाली सह्या आणि निळे अंगठे, शेवटी 'एकूण उपस्थिती ४२'. अक्षर नेटकं, कुठे खाडाखोड नाही. आणि सातव्या ओळीत, झाकलेल्या नावापुढे, कुणीतरी पेन्सिलीनं बारीक लिहिलंय : '७ वा महिना. सांगलीला जाणार.' ताई, दवाखान्याच्या उपयोगाचं त्या अख्ख्या पानावर एवढंच आहे आणि तेवढंच पेन्सिलीनं लिहिलंय. ते कुणी लिहिलं, तिला शोधा. तुमच्या पाच जणींत डेटा कशाला म्हणतात हे तिला आधी कळलंय.

तुमची ११ रजिस्टरं सांगतात की तुम्ही काय केलंत. ते खरं आहे, मोलाचं आहे आणि संस्थेच्या अहवालाला लागेलच. पण टेबलापलीकडच्या डॉक्टरला ते ऐकून करायचं काहीच उरत नाही, कौतुकाशिवाय. त्याला कळायला हवं असतं ते वेगळं : माझ्या दारात कोण येणार आहे, कधी येणार आहे, किती जणी, आणि त्यांच्यासाठी मी नेमकं काय करायचं. या चार प्रश्नांची उत्तरं एका कागदावर नेलीत, तर चहा निवण्याआधी बोलणं सुरू होईल.

त्या सातव्या ओळीतल्या बाईच्या मागे जरा चालत जाऊ. गावातल्या आशाताईनं तिला नोंदवलं, नर्सताईंनी तपासलं, माता-बाल कार्ड दिलं, त्यावर आरसीएच नंबर, म्हणजे सरकारी माता-बाल नोंदणीचा क्रमांक, घातला. इथवर सगळं ठीक. दिवाळीनंतर मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक आला, कोयता निघाला. तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते : ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि ती मोजली जाते एक. कारखान्याच्या भागात उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, पडली. मी अशा कोप्यांमधून पुष्कळ हिंडले आहे. 'कार्ड कुठंय?' विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : 'गावाकडं हाय, सासूच्या पेटीत. हितं भिजंल म्हणून आनलं न्हाई.' म्हणजे तिकडच्या डॉक्टरसमोर ती येते तेव्हा कोरी पाटी असते. रक्त किती होतं, इंजेक्शन झालं का, आधीचं बाळंतपण सिझेरियन होतं का, सगळं पहिल्यापासून. आणि इकडे नर्सताईंच्या यादीत तिच्यापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि पुढचे रकाने रिकामे राहतात. ती कुठं बाळंत झाली, बाळ कसं आहे, पहिली लस पडली का, कुणालाच सांगता येत नाही. दोन्ही डॉक्टर मनापासून काम करत असतील, दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर असतील, आणि तरी ही बाई दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत पडते.

ही फट भरू शकेल असं कुणी असेल तर ते तुम्ही. तुम्हाला ती जाणार हे माहीत आहे आणि कुठं जाणार हेही. ही माहिती आरोग्य खात्याकडे नाही, कारखान्याकडे तिचं गरोदरपण नाही आणि मुकादमाकडे तिच्या बाळंतपणाची तारीख नाही. तुमच्याकडे तिन्ही आहे. फक्त ते ११ रजिस्टरांत आणि पाच जणींच्या डोक्यात विखुरलंय.

आता करायचं काय ते सांगते. गणपती उठले की एक नवी वही घ्या, दोनशे पानी, साधी. त्यात फक्त गरोदर बायका आणि गेल्या सहा महिन्यांत बाळंत झालेल्या. प्रत्येकीला एक क्रमांक. नाव आणि फोन शेवटच्या पानांवर वेगळे, पुढच्या पानांवर नुसता क्रमांक. रकाने मोजकेच ठेवा : गाव, वय, कितवी खेप, बाळंतपणाची अंदाजे तारीख, आरसीएच नंबर, शेवटचं हिमोग्लोबिन आणि ते कधी तपासलं, आधी सिझेरियन किंवा बाळ दगावणं असं काही झालंय का, निघण्याचा आठवडा, कारखाना कुठला, आणि शेवटी 'कार्ड सोबत : हो / नाही'. हा शेवटचा रकाना कुठल्याही सरकारी नमुन्यात मी पाहिलेला नाही. तुमच्या वहीत तो असायलाच हवा.

कारखाना कुठला हे बाईला नेहमी सांगता येत नाही. ती 'कोल्लापूरकडं' म्हणते आणि थांबते. मुकादमाला विचारा. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच दिलेली असते, कुठली टोळी कुठल्या कारखान्याला आणि ट्रक कधी लागणार हे त्याच्या डायरीत असतं. मुकादमाशी बोलताना तुमच्या मनात राग असेल तर मला तो समजतो, पण या एका कामात त्याचाही फायदा आहे. बाई फडात अडली की दोघांचा खाडा पडतो आणि धावपळ त्यालाच करावी लागते. त्याच्याकडून कारखान्याचं नाव आणि तारीख घ्या. तुमची यादी मात्र त्याच्या हाती कधीच देऊ नका. कोण गरोदर आहे हे कळल्यावर तो पुढच्या वर्षी तिला उचल देईल की नाही, याचा भरवसा नाही.

आकडेमोडीची धडकी भरते म्हणालात. तुम्हाला लागणारं गणित चौथीचं आहे. दवाखान्यात पहिला प्रश्न येईल, 'तुमच्या यादीत सगळ्या आल्यात कशावरून?' चांगला प्रश्न आहे, त्याचं उत्तर तयार ठेवा. आपल्या राज्यात हजार लोकसंख्येमागे वर्षाला साधारण १५ बाळं जन्मतात. समजा, चौदा गावांची मिळून लोकसंख्या १६,००० आहे. सोळा पंधरे दोनशे चाळीस, म्हणजे वर्षाला २४०, महिन्याला २०. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत अंदाजे १२० बाळंतपणं. मार्चअखेर बाळंत होणारी बाई ऑक्टोबरच्या सुरुवातीला साडेतीन महिन्यांची असते, म्हणजे विचारणाऱ्याला सापडू शकते. तुमच्या यादीत त्या सहा महिन्यांच्या ७० च निघाल्या, तर उरलेल्या कुठं आहेत हे शोधायला हवं. काही पहिलटकरणी माहेरी गेल्या असतील, काहींनी सांगितलं नसेल, आणि एखाद्या वस्तीवर तुमची बैठकच होत नसेल. हा अंदाज आहे, बरोबर १२० येणार नाहीत. पण तो समोर ठेवला की आपल्याला काय दिसत नाहीये ते कळतं. ज्या वस्त्या दिसत नाहीत तिथंच बहुधा सगळ्यात अडचणीतल्या बायका असतात.

ही 'सगळे मोजायचे' शिस्त किती मोठी असते, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचं काम केलं आणि शेजारच्या ४७ गावांशी ते ताडून पाहिलं. दोन्हीकडचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला. काळजी घेणाऱ्या होत्या त्या गावातल्याच बायका. १९९९ साली ते आकडे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले : नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहूनही खाली आले होते. २०११ मध्ये केंद्र सरकारनं तीच गोष्ट आशांच्या हाती देशभर दिली. तुमच्या गावातली आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बघायला येते ना, ते त्या मोजण्यातून आलंय. आणि आता बघा, तुमच्या सातव्या ओळीतल्या बाईचं बाळ कोपीत असताना या सहा भेटींचं काय होतं? त्याची आशाताई धारूरला, बाळ सांगलीला. हा प्रश्न ज्या दिवशी तुम्ही जिल्ह्याच्या बैठकीत आकड्यासकट विचाराल, त्या दिवशी कुणी तुम्हाला नुसतं 'चांगलं काम करता' म्हणून वाटेला लावणार नाही.

वही भरली की तिच्यातून एकच पान काढायचं. डाव्या बाजूला महिने, ऑक्टोबर ते मार्च. वर कारखान्यांचे भाग : सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, कर्नाटक. चौकोनात त्या महिन्यात त्या भागात बाळंत होणाऱ्या बायकांचा आकडा. जोखमीच्या किती ते शेजारी लाल पेन्सिलीनं. कॉम्प्युटर येतो म्हणता, तर एक्सेलमध्ये करा, नाहीतर पट्टीनं आखलेला कागदही चालतो. पानाच्या तळाला एकच मागणी. तीन मागण्या लिहिल्यात तर समोरचा सगळ्यात सोपी निवडतो, पाच लिहिल्यात तर 'प्रस्ताव पाठवा' म्हणतो.

मागणी कुणाकडे काय करायची, हे त्यांच्या टेबलावर कुठला तक्ता पडलाय त्यावरून ठरवा. भागीदारीचं मला उमगलेलं मर्म एवढंच आहे. प्रत्येकाला वरती काहीतरी भरून पाठवायचं असतं आणि त्यातला एखादा रकाना त्याला छळत असतो.

तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना छळतो तो 'स्थलांतरित'पुढचा रिकामा रकाना. त्यांच्याकडे जाऊन म्हणा, 'सर, या बायका दिवाळीनंतर चालल्या. ९ ऑक्टोबरला आम्ही सगळ्यांना आणतो.' दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी असते, २०१६ पासून. जोखमीची निघाली तर कार्डावर लाल स्टिकर लागतो. तेव्हा नवीन काहीच मागायचं नाहीये. त्यांचाच दिवस, त्यांचंच काम, तुम्ही फक्त बायका आणि नेमकेपणा आणताय. त्या दिवशी दोन गोष्टी मात्र धरून करा. प्रत्येकीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोऱ्यानं बांधून तिच्या हाती द्या, आणि मोबाईलवर त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो तिच्याच किंवा नवऱ्याच्या फोनमध्ये काढून ठेवा. सासूच्या पेटीवरचा हा माझा उपाय आहे, आणि तो चालतो.

तिकडच्या आरोग्य केंद्राची अडचण वेगळी. त्यांची लस, गोळ्या, माणसं सगळं राहत्या लोकसंख्येवर ठरलेलं असतं, आणि हंगामात माणसं एकदम वाढतात. त्यांना तुमचं पान ऑक्टोबरमध्येच मिळालं तर शिबिर कुठं आणि कधी लावायचं हे ठरवता येतं. हे पान तुम्ही थेट पाठवू नका. तुमच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विनंती करा की जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत त्या जिल्ह्याला पाठवा. सरकारी पत्राला सरकारी उत्तर येतं. नावं त्या पत्रात नकोत. नावं एका नर्सताईंनी दुसऱ्या नर्सताईंना फोनवर सांगावीत, लाल स्टिकरवाल्या बायकांची सगळ्यात आधी. बाईला एवढं पक्कं सांगा की सरकारी दवाखान्यात बाळंतपण कुठल्याही जिल्ह्यात मोफत आहे. गावचं रेशनकार्ड नाही म्हणून ती कोपीत थांबता कामा नये. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर कार्डाच्या पिशवीवरच लिहा.

कारखान्याकडे जायचं असेल तर चेअरमनच्या आधी शेतकी अधिकाऱ्यांना गाठा. कुठली टोळी आज कुठल्या गावच्या फडात आहे हे त्यांच्या गट कार्यालयाला रोज माहीत असतं. तेवढी माहिती आठवड्यातून एकदा तिथल्या आरोग्य केंद्राला मिळाली तरी नर्सताईंची निम्मी पायपीट वाचेल.

आता धर्मादाय रुग्णालय. इथं मी जरा थांबणार आहे, कारण तुम्ही तिकडे चुकीचं काम घेऊन गेला होतात असं मला वाटतं. बाळंतपणाला सरकारी दवाखाना आहे. धर्मादाय रुग्णालयाची गरज तुमच्या बायकांना दुसऱ्याच दुखण्यासाठी आहे, आणि तुम्ही जिथं राहता तिथं ते दुखणं कुठलं हे मी सांगायला नको. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहा बायकांमागे एक. वर्षानुवर्षं गावोगावी बायका हेच सांगत होत्या, आणि ऐकणाऱ्याला ती एकेकीची कहाणी वाटायची. मोजल्यावर ती जिल्ह्याची गोष्ट झाली आणि खाजगी दवाखान्यात अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. तुमच्या रजिस्टरांत 'अंगावरून जातंय', 'पोटात दुखतं' अशा नोंदी नक्की असतील. त्या वेगळ्या काढा. वय काय, त्रास किती दिवसांचा, कुणी पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायला सांगितली आहे का. सांगणाऱ्या डॉक्टरचं नाव लिहू नका, तो या कामाचा विषय नाही. यातल्या बऱ्याच तक्रारी औषधांनी बऱ्या होणाऱ्या असतात, पण तसं सांगणारा दुसरा डॉक्टर बाईला भेटायला हवा. हे घेऊन रुग्णालयात जा : 'ज्यांना पिशवी काढायला सांगितलंय अशा आमच्या इतक्या बायका आहेत. हंगामाला निघण्यापूर्वी दोन दिवस, दुसऱ्या सल्ल्यासाठी आणि सोनोग्राफीसाठी.'

त्यांच्या टेबलावरचा तक्ताही समजून घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलाच्या उत्पन्नातले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जातात. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेली ही योजना आहे, आणि तिचा हिशेब त्यांना धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. रुग्ण येतो तो ऐनवेळी, कागद नसलेला, आणि मग काउंटरवर वाद होतो. तुम्ही प्रत्येकीचं रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लावून, क्रमवार फाइल घेऊन गेलात, तर त्यांच्या समाजसेवा विभागातली व्यक्ती तुम्हाला दारापर्यंत सोडायला येईल. हक्क सांगायचाच आहे, तो कायद्यात आहे. पण पहिल्या भेटीत कागद पुढे करा, कलम दुसऱ्या भेटीसाठी ठेवा.

हे मी अशी शिकले, तेही सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका तालुक्यात आम्ही आरोग्य केंद्राला महिनाभर भेटी देऊन डॉक्टर किती दिवस हजर नव्हते ते मोजलं. आकडा खरा होता. तो मी रंगीत तक्त्यावर रंगवून थेट तालुक्याच्या सभेत टांगला, सभापतींसमोर. टाळ्या पडल्या. त्या डॉक्टरांना मी आधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. नंतर कळलं की त्यांना दोन आरोग्य केंद्रांचा कार्यभार होता आणि आम्ही मोजलेले काही दिवस ते दुसरीकडे शस्त्रक्रियेच्या शिबिरात होते. पुढची दोन वर्षं त्या केंद्रात आम्हाला बसायला खुर्ची मिळाली नाही, आणि ज्या नर्सताईंनी विश्वासानं रजिस्टर दाखवलं होतं त्यांना नोटीस निघाली. त्या मला आजही भेटल्या तर मी नजर खाली घालते. तेव्हापासून माझा नियम आहे : आकडा ज्याच्याबद्दल आहे त्याला तो सगळ्यात आधी, एकट्याला दाखवायचा आणि विचारायचं, 'हे असं का दिसतंय?' अर्ध्या वेळा आपलं मोजणं चुकलेलं निघतं.

याचा अर्थ सार्वजनिक बोलूच नये असा नाही. आपल्या राज्यात २००७ पासून लोकाधारित देखरेखीत गावांनी आरोग्यसेवेला लाल-पिवळे-हिरवे शेरे दिले, जनसुनवाया घेतल्या आणि त्यातून बंद पडलेली उपकेंद्रं उघडली. तीनदा विनंती करून औषध मिळत नसेल तर जनसुनवाईच हवी. पण तिथं जाण्याआधी तीन विनंत्यांच्या तारखा तुमच्या वहीत असू द्या.

आता एक काळजीची गोष्ट. तुम्ही फोटोत नावं झाकलीत त्यावरून तुम्हाला जाण आहे हे दिसतंच. तरी सांगते, कारण चूक बहुधा व्हॉट्सॲपवर होते. यादीचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, 'फक्त आपल्या पाच जणींचा ग्रुप' असला तरी नाही. प्रत्येक बाईला विचारून, कुणाला काय सांगणार ते सांगून मगच लिहा. 'नको' म्हणाली तर नको. आणि आकड्यांतूनही माणूस ओळखू येतो. लहान वस्तीवर 'गर्भपात : १' लिहिलंत की अख्ख्या वस्तीला ती कोण हे कळतं. असे आकडे गावावार देऊ नका, चौदा गावांचे मिळून द्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहेच, पण तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं. त्या बायका कायद्यावर विश्वासून बोललेल्या नाहीत, तुमच्यावर विश्वासून बोलल्या आहेत.

सीएसआरवाल्यांना यंदा सांगा की हा हंगाम आम्ही नुसतं मोजणार आहोत. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की प्रत्येक क्रमांकापुढे लिहा : कुठं बाळंत झाली, बाळ कसं आहे, कार्ड सोबत होतं का, कार्ड दाखवल्यावर उपयोग झाला का. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांचाही आकडा लिहा, तो लपवू नका. 'यादीतल्या इतक्यांपैकी इतक्या जणींचं काय झालं हे आम्हाला माहीत आहे' हा तुमचा पहिला मोजमापाचा आकडा. पुढच्या वर्षी तो वाढला की त्यालाच ते लोक इम्पॅक्ट म्हणतात. आणि सांगताना 'बीडच्या बायका' म्हणू नका, 'आमच्या चौदा गावांतल्या, आमच्या यादीतल्या बायका' म्हणा. लहान आणि खरा आकडा टिकतो.

कराराचं पुढे बघू. आधी एक हंगाम तोंडी काम होऊ द्या. मग एका पानाचा सामंजस्य करार करा : कोण काय देणार, कोण काय करणार, माहिती कुणाकडे राहणार, कधी पुन्हा बसणार. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत तुमचं पान मांडायची परवानगी मागा. त्या समितीत संस्थेच्या प्रतिनिधीला जागा असते, तुमच्या तालुक्यात ती कुणाकडे आहे ते विचारून घ्या.

सुरुवात एकाच गावापासून करा, जिथून सगळ्यात जास्त कोयते जातात तिथून. पेन्सिलवालीला सोबत घ्या. पहिलं पान तयार झालं की नावं झाकून मला त्याचा फोटो पाठवा. ९ ऑक्टोबरच्या आधी बेरजा मी तपासून देते, आणि डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी वाटलं तर फोन करा.

तुमची,
ताई